हात केव्हा सुटतो?

दीड वर्षाच्या मुलाला प्रथमच छातीइतक्या पाण्यात उतरवले की ते काय करते, हे नीट पाहावे. पायाची बोटे आत वळतात, खांदे कानांपर्यंत चढतात. आईच्या खांद्यावरचे कापड मुठीत इतके आवळले जाते की पेरे पांढरी पडतात, आणि रडू फुटण्याआधी क्षणभर श्वास अडकतो. मग रोज थोडे थोडे पाणी मिळत गेले की काही आठवड्यांत त्याच मुलाची मूठ उघडते. आधी एक बोट पाण्यात जाते, मग अख्खा पंजा सपकन आपटतो. उडालेल्या पाण्याने डोळे मिटतात, आणि ते उघडल्याबरोबर नजर जाते ती आईच्या चेहऱ्याकडे. तिथे सारे ठीक दिसले की पंजा पुन्हा आपटतो. आणखी काही दिवसांनी आईने पुढे केलेला हात मूल स्वतःच बाजूला सारते. पाणी तेच आणि खोलीही तीच. मग बदलले काय? ‘भीती गेली’ हे उत्तर चटकन सुचते, पण ते अपुरे आहे. भीती नुसती गेली असती तर मूल काठाची पर्वा न करता धावत सुटले असते. ते तसे करत नाही. ते पाण्याकडे जाते, परत फिरते, पुन्हा जाते. या ये-जा करण्यात मला श्रद्धा या जुन्या आणि फार वादग्रस्त शब्दाचा अर्थ दिसतो. श्रद्धा म्हणजे घट्ट धरून ठेवणे, असे आपण सहसा समजतो. बारकाईने पाहिले तर श्रद्धेची खरी ओळख भरवशाने सोडता येण्यात आहे, आणि जी श्रद्धा सोडायला शिकवत नाही ती अजून भीतीच्याच घरात राहते, असे माझे प्रतिपादन आहे.

लहान मुलाच्या भीतीचा विचार आपल्या दर्शनकारांनी फार पूर्वी केला होता. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात आत्म्याचे नित्यत्व सिद्ध करताना नुकत्याच जन्मलेल्या बालकाचा दाखला येतो. या जन्मात ज्याने अजून काही पाहिले-भोगले नाही त्याच्या चेहऱ्यावर हर्ष, भय आणि शोक उमटतात, तेव्हा ही पूर्वी केलेल्या अभ्यासाची स्मृतीच असली पाहिजे, असा तो युक्तिवाद. त्यावर पूर्वपक्षाची शंकाही तिथेच नोंदवली आहे: कमळ उमलते आणि मिटते, तसेच हे निव्वळ शरीराचे विकार कशावरून नसतील? सिद्धान्ती उत्तर देतो की कमळालाही ऊन, थंडी, पाऊस असे काही कारण लागते. अकारण काही घडत नाही. योगसूत्रांत पतंजलींनी अभिनिवेश, म्हणजे जगण्याला चिकटून राहण्याची ओढ, हा विद्वानालाही न सुटणारा क्लेश मानला. व्यासभाष्य तर नुकत्याच जन्मलेल्या किड्याचे उदाहरण घेऊन म्हणते की मरणाचे दुःख पूर्वी भोगल्याखेरीज ही भीती संभवत नाही. पुनर्जन्माचा निकाल लावणे हा या लेखाचा विषय नाही. पण या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न तपासता मान्य केली आहे, ती म्हणजे भय मुलाच्या ठायी पहिल्यापासून असते. हे गृहीतक आता तपासता येते, आणि पाण्याच्या बाबतीत ते जसेच्या तसे टिकत नाही.

मर्टल मॅकग्रॉ या अमेरिकी संशोधिकेने १९३९ साली तान्ह्या मुलांच्या पाण्यातील हालचालींवर अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या काही महिन्यांत पाण्यात आधार देऊन धरलेले मूल हातपाय लयीत हलवते आणि श्वास आपोआप रोखते, असे तिला दिसले. ही प्रतिक्षिप्त क्रिया असते, पोहणे नव्हे. डोके वर काढून श्वास घेणे त्या मुलाला जमत नाही, त्यामुळे तान्ह्याला पाण्याचे जन्मजात ज्ञान असते हा समज धोक्याचा आहे. काही महिन्यांनी ही लय मोडते. मूल धडपडू लागते, जे हाती लागेल ते पकडते. त्यानंतर, दुसऱ्या वर्षाच्या आसपास, ठरवून केलेल्या हालचाली येतात. उंचीच्या भीतीची कथाही अशीच आहे. एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी १९६० साली काचेखाली खोल कडा दिसेल अशा टेबलावरचे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत रांगणारी बहुतेक मुले काचेच्या खोल बाजूवर यायला तयार झाली नाहीत. पण १९७०मध्ये जोसेफ कॅम्पोस आणि सहकाऱ्यांनी अजून न रांगणाऱ्या मुलांना त्याच खोल बाजूवर ठेवले, तर त्यांच्या हृदयाचे ठोके वाढण्याऐवजी मंदावले. कुतूहलाने लक्ष लागले की ठोके असेच मंदावतात. त्यांना खोली दिसत होती, तिची भीती मात्र अजून आली नव्हती. पोर्तुगालमधील संशोधकांनी २०१६ साली काच काढून टाकली आणि खरा कडा व खरे पाणी वापरले. तिथेही काठाशी कोण थांबेल याचा अंदाज वयापेक्षा रांगण्याच्या अनुभवावरून लागला. म्हणजे भयसुद्धा मुलाने स्वतःच्या हातापायांनी, धडपडून मिळवलेले असते. कमळाला जसे ऊन लागते तसे भयाला जग लागते.

यातून एक क्रम हाती येतो, आणि पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. आधी अजाणपण, मग भय, मग अभय. पहिली आणि तिसरी अवस्था लांबून सारखी दिसते, कारण दोन्हींत मूल पाण्याकडे जाते. प्रत्यक्षात त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. न रांगणाऱ्या मुलाला कडा घाबरवत नाही, त्याला आपण शूर म्हणत नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची जी यादी आहे, तिच्या आरंभी अभय आहे. ते या पहिल्या अवस्थेचे वर्णन असते तर तान्हे मूल सर्वांत मोठे सत्पुरुष ठरले असते. अभय हा भयातून गेलेल्याचा गुण आहे. बृहदारण्यक उपनिषदात सृष्टीच्या आरंभीचा पुरुष एकटा असताना घाबरतो. मग विचार करतो की माझ्यावाचून दुसरे काही नाही, तर मी भ्यावे कोणाला? भय दुसऱ्यापासून येते, असा निष्कर्ष तिथे निघतो. पाणी हे मुलाच्या आयुष्यातले असेच एक दुसरे आहे: पायाखालची जमीन पुसट करणारे, वजन फिरवणारे, नाकातोंडात शिरणारे. अद्वैताचे उत्तर असे की ज्ञान झाल्यावर दुसरेपणच उरत नाही. मूल इतक्या लांब जात नाही, पण त्याच दिशेचे एक पाऊल टाकते. पाणी त्याच्यासाठी दुसरेच राहते, फक्त परके राहत नाही.

हे परकेपण कशाने जाते? पहिले कारण आईच्या चेहऱ्यात आहे. १९८५ साली सॉर्स, एम्ड, कॅम्पोस आणि क्लिनर्ट यांनी तोच काचेचा कडा वापरला, पण त्याची खोली अशी ठेवली की वर्षाच्या मुलाला तो सुरक्षित आहे की नाही याचा नीट उलगडा होऊ नये. पलीकडे आई उभी. तिने आनंदी चेहरा केला तेव्हा १९पैकी १४ मुले कडा ओलांडून आली. तिने भेदरलेला चेहरा केला तेव्हा १७पैकी एकही आले नाही. न्यायदर्शनात आप्ताचा उपदेश हे ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानले आहे. आप्त म्हणजे ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जो फसवणार नाही असा माणूस. ज्याला अजून शब्द नीट येत नाहीत त्या मुलासाठी आईचा चेहरा हेच शब्दप्रमाण. पण याहून महत्त्वाचा शोध २००८ सालचा आहे. अठरा महिन्यांच्या मुलांना वेगवेगळ्या उताराच्या घसरणींच्या टोकाशी उभे करून आयांना कधी ‘ये’ तर कधी ‘नको’ असे सांगायला लावले. उतार उघडच जमण्यासारखा असेल तेव्हा आईने मना करूनही मुले उतरली. उघडच अवघड असेल तेव्हा तिने बोलावूनही ती थांबली. तिचे ऐकले ते मधल्या, संशयाच्या उतारांवर. दीड वर्षाच्या मुलाचा विश्वास आंधळा नसतो, याचा याहून स्वच्छ पुरावा क्वचितच मिळेल. स्वतःच्या डोळ्यांना जे कळते तिथे मूल डोळ्यांवर चालते. डोळे थकतात तिथे आप्तावर चालते. प्रत्यक्ष आणि शब्द या दोन प्रमाणांच्या सीमा ते मोठ्या माणसांपेक्षा कदाचित अधिक प्रामाणिकपणे पाळते.

इथे दक्षिणेतल्या श्रीवैष्णव परंपरेतला एक प्रसिद्ध वाद आठवतो. रामानुजाचार्यांनंतर या परंपरेत दोन मते पडली. वेदान्तदेशिकांना मानणाऱ्या वडगलै पंथाचे मत माकडाच्या पिलाच्या दाखल्याने सांगितले जाते: पिलू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरते, तसे भक्तानेही आपल्या बाजूने काही धरले पाहिजे. पिळ्ळै लोकाचार्यांच्या मागून जाणाऱ्या तेंगलै पंथाचा दाखला मांजरीच्या पिलाचा: आई मानगुटीला धरून उचलते, पिलाने फक्त अंग सैल सोडायचे. मर्कटन्याय आणि मार्जारन्याय या नावांनी हा वाद शतकानुशतके चालत आला आहे. पाण्यातले मूल या दोन्ही न्यायांतून जाते. सुरुवातीला ते माकडाचे पिलू असते, गळ्याला मिठी मारून बसलेले. मग एके दिवशी पाठीखाली आईचा पसरलेला तळवा ठेवून ते उताणे पडते, मान टाकते आणि वर पाहते. तेव्हा ते मांजराचे पिलू होते. पण त्यापुढची पायरी या दोन्ही न्यायांत नाही. तळवा हळूहळू खाली जातो, बोटभर अंतर पडते, आणि मूल तरंगत राहते. मग ते पालथे होऊन दोन हात पाणी मारते आणि पुन्हा आईकडे येते. धरणे आणि धरले जाणे यांच्यापलीकडे सोडून जाणे आणि परत येणे ही तिसरी गोष्ट आहे. कोण कोणाला धरतो, हा प्रश्न तिथे मागे पडतो. पंथांनी पहिल्या दोन पायऱ्यांवर मोठा विचार केला. श्रद्धेची प्रौढता मात्र या तिसऱ्या पायरीवर कळते.

हे नुसते रूपक नाही. पाण्याचा नियमही तसाच आहे. छाती हवेने भरलेली असेल तर बहुतेक माणसांचे शरीर पाण्याहून थोडेसेच हलके असते, त्यामुळे ते जेमतेम तरंगते. शरीराचा जो भाग पाण्याबाहेर जातो त्याला पाण्याचा आधार मिळत नाही आणि त्याचे वजन उरलेल्या शरीराला सोसावे लागते. घाबरलेला माणूस मान उंच काढतो, हात वर फेकतो, म्हणजे नेमके तेच करतो ज्याने तो खाली जाईल. लहान मुलाचे हे अधिकच खरे. जन्मतः डोके शरीराच्या उंचीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असते, आणि पुढची काही वर्षे ते प्रमाणाने मोठेच राहते. तरंगायचे तर ते जड डोके मागे टाकून पाण्याच्या हवाली करावे लागते, कान बुडू द्यावे लागतात आणि श्वास मोकळा ठेवावा लागतो. आपल्या भाषेने हे कधीच ओळखले आहे. विश्वास या शब्दाच्या पोटात श्वास आहे. संस्कृतात ‘वि’ आणि ‘श्वस्’ मिळून मोकळेपणाने श्वास घेणे, निर्भय होणे असा अर्थ होतो. आश्वासन म्हणजेही अडकलेला श्वास पुन्हा वाहता करणे. विश्वास हे आधी एखाद्या विधानाला दिलेले होकारार्थी मत असते आणि मग शरीरात उतरते, असा आपला समज असतो. शब्दाची घडण उलटे सांगते. विश्वास आधी छातीत असतो, मत मागाहून येते.

आता पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप. पाणी जीव घेते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांतला जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुले होती. वरून जड असलेले मूल बादलीत वाकले तर तोल जाऊन आत पडते आणि त्याला बाहेर निघता येत नाही; काही इंच पाणीही पुरते, आणि बहुधा आवाजही होत नाही. अशा वस्तूबद्दल लहान मुलाच्या मनात विश्वास रुजवणे हे पुण्य की अपराध? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच वरचा क्रम महत्त्वाचा ठरतो. बुडतात ती बहुतेक अजाण अवस्थेतली मुले, ज्यांना पाणी अजून कळलेच नाही आणि ज्यांच्याजवळ त्या क्षणी कोणी नव्हते. पाण्यातली सवय ही राखणीची जागा घेऊ शकत नाही. हाताच्या अंतरावर जागे मोठे माणूस असणे याला पर्याय नाही. पण ज्याला पाणी कळले आहे ते मूल पाण्याचा मान राखते. ‘पाण्यात पडले की पोहता येते’ असे म्हणून पोराला विहिरीत ढकलणारे या क्रमाचा अपमान करतात. आपल्याच खेड्यांतल्या शहाण्या माणसांनी पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून पोरे विहिरीत उतरवली, आणि अंगात पाणी मुरत गेले तसा तो आधार काढून घेतला. ढकलल्याने एखादा पोहायला शिकतही असेल, पण पाण्याशी त्याचे वैर कायम राहते. अभय म्हणजे धोका नसल्याचे प्रमाणपत्र नव्हे. धोक्यासमोर श्वास आणि विवेक दोन्ही शाबूत राहणे म्हणजे अभय.

दुसरा आक्षेप फ्रॉइडचा. १९२७ साली त्याने मांडले की धर्म हा बालपणीच्या असहायतेचा अवशेष आहे: लहानपणी बापाचा आधार लागला, मोठेपणी जगाच्या क्रूरतेपुढे तसाच एक आकाशातला बाप माणसाने कल्पिला. ज्या मराठी परंपरेने देवाला विठाई म्हटले आणि ज्ञानेश्वरांना माउली, तिला हा आक्षेप थेट लागतो. तो हसण्यावारी नेऊ नये. पण फ्रॉइड एक गोष्ट धरून चालला होता: आधाराची गरज आणि स्वातंत्र्य ही एकमेकांची वैरी आहेत, एक वाढली की दुसरी घटते. त्यानंतरच्या संशोधनाने हे चित्र बदलले. मेरी एन्सवर्थ यांनी १९५०च्या दशकात युगांडात आणि पुढे अमेरिकेत माता-मुलांचे निरीक्षण केले. ज्या मुलाला आईचा भरवसा पक्का आहे तेच मूल तिच्यापासून दूर जाऊन अधिक मोकळेपणाने जग धुंडाळते, असे त्यांना आढळले. चिकटून बसते ते, ज्याचा भरवसा डळमळीत आहे. आधार हा दूर जाण्याचा तळ असतो. तेव्हा देवाला माउली म्हणणे हे आपोआप पोरकटपणाचे लक्षण ठरत नाही. प्रश्न असा विचारायला हवा की ही माउली भक्ताला कुठे पाठवते? तिच्या कडेवरून उतरून तो जगात जातो का, दुःखी माणसाजवळ बसतो का, आपल्या बुद्धीने काही ठरवतो का? तसे असेल तर फ्रॉइडचा आक्षेप त्याच्यापुरता निकालात निघाला. तसे नसेल तर तो खरा ठरला, हेही मान्य करावे.

तिसरा आक्षेप सांगेल की आई दिसते, देव दिसत नाही. मुलाचा भरवसा रोज तपासला जातो, भक्ताचा नाही. हे मला मान्य आहे. पाण्यातल्या मुलावरून देव आहे हे सिद्ध होत नाही, आणि ते सिद्ध करण्याचा माझा दावाही नाही. दावा एवढाच की श्रद्धा ही काय प्रकारची गोष्ट आहे हे त्यातून कळते, आणि ते कळले की तिच्या नावाने चालणाऱ्या व्यवहाराला मोजायला माप मिळते. महाराष्ट्रात श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांतली रेघ कुठे ओढायची हा वाद जुना आहे. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी आयुष्य वेचले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्या वादात मूल एक साधी कसोटी पुढे करते. जो आधार देतो त्याचा तळवा हळूहळू खाली जातो आहे का? अठरा महिन्यांचे मूलसुद्धा उघड अवघड उतारावर आईचे ऐकत नाही, आणि चांगली आई त्याला त्यासाठी शिक्षा करत नाही. ज्या गुरूला शिष्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले चालत नाही, जो मठ किंवा जो पंथ माणसाला वीस वर्षांनीही गळ्याला मिठी मारूनच बसवतो, तो आप्त नव्हे. आप्ताची दुसरी अट, तो फसवणार नाही ही, तिथे मोडलेली असते. याची दुसरी बाजूही तितकीच कठोर आहे. ज्यांचा हात मधेच सुटला, ज्यांना कोणी धरलेच नाही, अशी माणसे श्रद्धेकडे संशयाने पाहतात तेव्हा दोष त्यांचा नसतो. विश्वास ठेवा असा उपदेश त्यांना करण्याआधी विश्वास ठेवण्याजोगा हात त्यांच्यापाशी न्यावा लागतो.

संस्कृतात तीर्थ या शब्दाचा मुळातला अर्थ उतार, म्हणजे नदी जिथून ओलांडता येते ती जागा. तरणे आणि तारणे हेही त्याच धातूतून आले. आपल्या नद्यांवरचे घाट पाहिले तर त्यांच्या बांधणीत हाच विचार दगडात उतरलेला आहे. घाट पाण्याला अडवत नाही आणि माणसाला पाण्यात ढकलतही नाही. तो एकेक पायरी खाली नेतो: आधी घोटाभर पाणी, मग गुडघाभर, मग कमरेइतके. ज्याला जिथे थांबायचे तिथे थांबता येते, वर यायचे तर वर येता येते. शेवटची पायरी पाण्याखाली असते, दिसत नाही, पायाला मात्र लागते, आणि तिच्यापुढे दगड नसतो. मुलाचा तळवा जिथे उघडतो ती हीच पायरी. त्या क्षणी आईने काय करावे याला कोणत्याही शास्त्राची साक्ष लागत नाही. तिने हात पाण्याखाली बोटभर अंतरावर ठेवावा, चेहरा निवांत ठेवावा आणि मुलाला श्वास घेऊ द्यावा. देवाविषयी जे काही आपल्याला म्हणायचे असेल, त्यात या बोटभर अंतराला जागा असली पाहिजे.